संकर, कलम आणि खो-खोतला वजीर

(देवरूख येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कागदावर 'खेळाचे बदलते नियम' असा सभ्य शब्दांत छापलाय. पण गेली दोन-तीन वर्षं मैदानाच्या कडेला, चहाच्या टपरीवर, एसटीत जो वाद चालू आहे तो इतका सभ्य नाही. एक पक्ष म्हणतो, "हा खो-खो नायच." दुसरा म्हणतो, "अहो, त्याशिवाय टीव्हीवर कोण दाखवणार तुमचा खो-खो?" दोघंही खेळावर जीव टाकणारे आहेत, म्हणून वाद भांडणाच्या वळणावर जातो. आज आम्ही यात पंच व्हायला आलेलो नाही, पण परीक्षण नक्की करणार आहोत. नाटकाचं, गाण्याचं, पुस्तकाचं परीक्षण होतं, मग खेळाच्या नियमांचं का होऊ नये? नियम हीसुद्धा कुणीतरी केलेली रचनाच असते, आणि रचना चांगली असते, वाईट असते, कधी अर्धी चांगली असते.

आधी वस्तुस्थिती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' ही सहा संघांची लीग सुरू झाली. पहिल्या हंगामाचं विजेतेपद ओडिशा जगरनॉट्सनी घेतलं. मग १३ ते १९ जानेवारी २०२५ या आठवड्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्याकडे संक्रांतीची धामधूम, मार्लेश्वराच्या लग्नाची यात्रा, आणि तिकडे दिल्लीत वीसेक देशांचे संघ खो देतायत. दोन्ही विजेतेपदं भारताला मिळाली आणि दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले. महिलांनी ७८-४० असा, पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. इथपर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्यात.

पण हा विश्वचषक ज्या नियमांनी खेळला गेला, ते तुमच्या शाळेच्या मैदानावरचे नियम नव्हते. मैदानात नवाऐवजी सात जण. नऊ मिनिटांच्या डावाऐवजी सात मिनिटांचे चार टप्पे. एका बादला एकाऐवजी दोन गुण. संरक्षकांची तुकडी ठराविक वेळेपुढे टिकली की तिलाही गुण; त्याचं नाव 'ड्रीम रन'. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वजीर. हा आक्रमक कुठल्याही दिशेला धावू शकतो. म्हणजे बघा, मूळ खेळ आपला, त्यात थोडं लीगचं, थोडं क्रिकेटच्या पॉवरप्लेचं, थोडं बुद्धिबळाचं. असा हा मिश्र खेळ आणि त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

आता कोकणात मिश्रण कुणी कुणाला शिकवायला नको. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. एक संकर, दुसरं कलम. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा आला. तिथे दोन झाडांचं बीज एक झालं, तिसरं फळ जन्माला आलं आणि त्याला वेगळं नाव मिळालं. कलमाचं तसं नसतं. खाली रायवळची मुळं, वर हापूसची काडी. फळ लवकर धरतं, बाजारात भाव मिळतो, पण झाड उभं असतं ते रायवळच्या मुळांवर. ती मुळं कुजली तर हापूसची काडी पेटीत भरायला काही देत नाही. आजच्या वादात हा फरक विसरला जातो असं आम्हाला वाटतं. संकराचं एक उदाहरण घेऊ, मग आपल्या कलमाकडे येऊ.

हे उदाहरण फार लांबचं आहे, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियाचं. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळतात. गोल चेंडू, चौकोनी मैदान, गोलरक्षक, आणि चेंडू हातातही घेता येतो. ही संस्था १८८४ साली स्थापन झाली, गावागावांच्या क्लबांवर उभी आहे, आणि खेळाडू हौशी आहेत. शिक्षक, शेतकरी, इंजिनिअर. संध्याकाळी सराव, रविवारी सामना. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, चार खांब, गोलरक्षक नाही, प्रतिस्पर्ध्याला अंगाने धरून पाडता येतं, आणि खेळाडू पूर्ण व्यावसायिक. दोन्ही खेळ आपापल्या देशात प्रचंड लोकप्रिय, पण देशाबाहेर खेळायला तोलामोलाचं कुणी नाही. मग देशाची जर्सी घालायची कधी?

म्हणून १९८४ मध्ये दोघांनी तडजोडीचे नियम केले आणि मालिका सुरू झाली. चेंडू आणि मैदान आयर्लंडचं. अंगाने धरणं आणि लाथेने आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की मोकळी किक, हे ऑस्ट्रेलियाचं. गुण ६, ३ आणि १ : जाळ्यात गेला तर सहा, आडव्या दांड्यावरून गेला तर तीन, बाहेरच्या खांबांमधून गेला तर एक. परंपरेने आयरिश खेळात गोलाला तीन गुण, ऑस्ट्रेलियात सहा. म्हणजे आकडेसुद्धा समोरासमोर बसून मांडलेले आहेत. प्रत्येकाने काहीतरी सोडलं, काहीतरी मिळवलं.

तिकडच्या प्रेक्षकांचा वाद ऐकला तर तुम्हाला आपलाच वाटेल. बाजूने बोलणारे म्हणतात, आमच्या पोरांना देशासाठी खेळायला दुसरी जागा आहेच कुठे? आणि खेळ बघायला सुंदर आहे, वेगवान आहे. हे खोटं नाही. २००६ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजारांहून जास्त लोक आले होते. विरोधक म्हणतात, हा धड आमचाही नाही नि त्यांचाही नाही. हौशी खेळाडूने व्यावसायिक पहिलवानाचा मार खायचा आणि सोमवारी सुजलेल्या तोंडाने कामावर जायचं. त्याच २००६ च्या सामन्यात आयर्लंडचा एक प्रमुख खेळाडू जखमी होऊन रुग्णालयात गेला, चिडाचिड इतकी झाली की २००७ ची मालिका रद्द करावी लागली. आणखी एक भीती होती : ऑस्ट्रेलियाचे क्लब आमची तरुण पोरं उचलून नेतील. तीही हवेतली नव्हती. डब्लिनचा जिम स्टाइन्स १९८४ मध्येच मेलबर्नला गेला आणि १९९१ मध्ये तिकडच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकला. आयरिश माणसाला याचा अभिमानही वाटतो आणि चुटपुटही लागते.

ऑस्ट्रेलियात तक्रार उलटी. आमचे पहिल्या फळीचे खेळाडू जातच नाहीत, मग ही कसली आंतरराष्ट्रीय स्पर्धा? मालिका रखडत गेली. शेवटची झाली २०१७ मध्ये. २०२० ची ठरली होती, ती करोनात गेली, आणि त्यानंतर अजून झालेली नाही.

आता मुद्द्याकडे लक्ष द्या. मालिका थांबली, त्याने काय बिघडलं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. आयर्लंडच्या गावात मुलं गेलिकच खेळत राहिली, मेलबर्नमध्ये मुलं त्यांचंच खेळत राहिली. त्या मिश्र खेळाचा एकही शाळासंघ नव्हता, जिल्हा स्पर्धा नव्हती. तो दोन घरांमधल्या अंगणात अधूनमधून खेळला जाणारा खेळ होता. अंगण झाडायचं कुणी बंद केलं तरी दोन्ही घरं उभीच राहिली. संकराचा हा फायदा. फळ नाही धरलं तर नाही. नीलम आणि हापूस आपापल्या जागी आहेत.

आपल्या खो-खोचं तसं नाही. इथे दोन खेळांची तडजोड झालेली नाही. खो-खोच्या समोर दुसरा खेळ बसलेलाच नव्हता. होता टीव्हीचा पडदा. पडद्याने वेळ मागितली, वेग मागितला, मोठे आकडे मागितले. खेळाने दिले. पडद्याने काय सोडलं? पैसा दिला, दिवे दिले, हे मान्य. पण खेळाच्या व्याकरणातलं सोडण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. म्हणून हे कलम आहे, आणि मुळं आपल्या शाळांच्या मैदानात आहेत. कलमाचं परीक्षण करायचं तर आधी मुळांना काय होतंय ते बघावं लागतं.

एकेक नियम घेऊ.

पहिला वजीर. जुन्या खो-खोचं सगळं सौंदर्य एका बंधनातून आलेलं आहे. आक्रमक उठला, त्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. संरक्षक मात्र कुठूनही कुठे जाऊ शकतो. एकाला बेडी, दुसऱ्याला मोकळीक. ही असमानता भरून काढायला आक्रमकाला काय दिलं? आठ बसलेले सोबती. एक पाऊल चुकलं तर खो. म्हणजे आक्रमक एकटा अपुरा, साखळी पूर्ण. संरक्षक एकेरी साखळी खेळतो, दुहेरी खेळतो, गोल करतो, हूल देतो; हे सगळं त्या बंधनाच्या भरवशावर. समोरचा वळू शकत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो अर्ध्या हातावरून निसटण्याची हिंमत करतो.

वजीर आला की ती बेडी एकापुरती तुटते. आता हा अर्धा हात संरक्षकाचा राहत नाही. समर्थक म्हणतात, संरक्षकाला नवं कौशल्य शिकावं लागेल, त्यात वाईट काय? बरोबर, शिकेलही. पण नवं जे शिकायचं ते काय आहे? सरळ रेषेत जोरात पळणं. ते ॲथलेटिक्समध्ये आहे, फुटबॉलमध्ये आहे, कबड्डीच्या चढाईत आहे. डोक्याने पळणं फक्त इथे होतं. शिवाय वजिराने साखळीची किंमत उतरवली. एक जण जर सगळीकडे जाऊ शकतो, तर बाकीचे त्याच्यासाठी वाट बघत बसतात. सामूहिक खेळ एका नायकाकडे झुकतो. पडद्याला नायक लागतो हे आम्हालाही कळतं. पण खो-खोचा नायक 'खो' हा शब्दच होता : मी थांबतो, तू ऊठ.

तेव्हा वजिराबाबत आमचं मत स्पष्ट आहे. बघायला मजा येते, पण खेळ म्हणून भर पडत नाही, वजाबाकी होते.

दुसरा ड्रीम रन. इथे जुन्या मंडळींशी आमचा मतभेद आहे. जुन्या खेळात संरक्षक चार मिनिटं पळला तरी गुणफलकावर त्याचं काही उमटत नसे. फलकावर फक्त बाद. मग त्याची पळती कुठे नोंदली जायची? वर्तमानपत्रात, दुसऱ्या दिवशी, नावापुढे कंसात मिनिटं आणि सेकंद. आणि प्रेक्षकांच्या तोंडी : "अमक्याने इतकी मिनिटं काढली!" जाणत्याला ते पुरत असे. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र कळायचंच नाही की फलक हलत नाहीये तेव्हाच खरा खेळ चाललाय. ड्रीम रनने तेच फलकावर आणलं. टिकणं हीसुद्धा कमाई आहे, हे आकड्यात सांगितलं. खेळाच्या आतलाच एक अर्थ बाहेर काढणारा हा नियम आहे. जुन्या खो-खोने हा उचलावा असं आम्ही म्हणू.

तिसरं, दोन गुण. एका बादला एक होता, दोन केले. यावर फार बोलण्यासारखं नाही. दोन्ही बाजूंना दोनाने गुणलं तर जिंकणारा बदलत नाही. आकडा तेवढा फुगतो. पण लीगच्या पहिल्या हंगामात सूर मारून किंवा खांबावर झेपावून बाद केलं तर जादा गुण ठेवला होता, तिथे मात्र थांबून विचार करायला हवा. सूर कुठे मारतात? मॅटवर. आपल्या जांभ्याच्या जमिनीवर, खडीच्या मैदानावर मुलीने सूर मारला तर कोपर आणि गुडघा सोलून निघतो. ज्यांच्याकडे मॅट आहे त्यांची मुलं रोज शंभर सूर मारून शिकतील. आपली मुलं सूर जपून मारतील, आणि तेच शहाणपणाचं आहे. म्हणजे नियमाच्या पुस्तकात गुण सुराला दिसतो, प्रत्यक्षात तो मॅटला मिळतो. आम्ही याला न छापलेला नियम म्हणतो. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तेव्हा हेच झालं. अनवाणी पायाने जमीन पकडणारी पोरं बुटात घसरायला लागली आणि पुन्हा नव्याने चालायला शिकली.

चौथं, विश्वचषक हे नाव. भारताच्या महिलांनी एका सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. आपल्याकडे काहींनी याचा अभिमान मिरवला, काहींनी टर उडवली. आम्हाला दोन्ही पटत नाही. कोरियाच्या त्या मुलींनी एक परका खेळ थोड्या काळात शिकून, दुसऱ्या देशात येऊन, भरल्या स्टेडियमसमोर शेवटच्या टप्प्यापर्यंत खेळून दाखवला. त्यांच्यासाठी खेळ सोपा करावा, म्हणून सात खेळाडू, छोटे टप्पे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण मग परिणाम तरी तसा दिसायला हवा होता. नियम सोपे केले, तरी अंतर १५७ गुणांचं राहिलं. अंतर नियमांनी कमी होत नाही. प्रशिक्षक पाठवून, दहा वर्षं तिथल्या शाळांत खेळवून कमी होतं. इराणने कबड्डीत ते केलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत हरवलं आणि महिलांनी अंतिम फेरीत. त्या दिवशी आपण हळहळलो, पण कबड्डी खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय त्या दिवशी झाली.

कबड्डीचं नाव निघालंच आहे, तर दोन गोष्टी सांगून टाकतो. शुद्धतेचा फार कैवार घेणाऱ्यांसाठी पहिली. आजची कबड्डी स्वतःच तडजोड आहे. महाराष्ट्राचा हुतूतू, तमिळ मुलखातला चडुगुडू, बंगालचा हाडुडू. त्यातही संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार. संजीवनीत बाद झालेला गडी जिवंत होतो, गामिनीत बसलेला बसूनच राहतो, अमरमध्ये बाद होऊनही मैदान सोडत नाही. यातून निवड करत, एकमेकांना समजावत, वर्षानुवर्षं समित्या बसवून एक खेळ बांधला गेला. बुवा साळवींसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. खो-खोचंही तेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नियम बांधायला घेतले, पुढे बडोद्यात, पुढे आणखी कुठे. 'मूळ' म्हणून आपण जे कवटाळतो तेही कधीतरी कुणीतरी बदललेलंच आहे. तेव्हा बदल झाला म्हणून रडू नये. फरक इतकाच की ते बदल खेळणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, मैदान आखणाऱ्यांनी केले. आता बदल होतात तेव्हा त्या खोलीत शाळेचा क्रीडाशिक्षक असतो का, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ. आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटचं मिनिटभर उरलेलं, गुण २८-२८. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणाला स्पर्श न होता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. आता बाद कोण? आंतरराष्ट्रीय जुन्या नियमाप्रमाणे एक उत्तर, प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे दुसरं. पंच एक सांगतात, मग दुसरं सांगतात, खेळाडू मैदानातच बसून राहतात, तासभर सामना थांबतो. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. सुवर्णपदक मिळालं, पण दोन्ही देशांच्या प्रेक्षकांच्या तोंडाची चव गेली. एका खेळाची दोन नियमपुस्तकं असली की ती कुठल्या क्षणी एकमेकांवर आदळतील सांगता येत नाही.

आणि हेच आता खो-खोत होऊ घातलंय. ही दोन पुस्तकं कुणाच्या डोक्यावर पडणार? दिल्लीतल्या पदाधिकाऱ्याच्या नाही. समजा, आपल्या तालुक्यातली नववीतली मुलगी आहे. ती शालेय स्पर्धा खेळते : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. ही शिडी जुन्या नऊ जणांच्या खेळाची. या शिडीवर दहावी-बारावीचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे. तिच्या आईवडिलांनी तिला संध्याकाळी मैदानावर पाठवण्याचं हे एक मोठं कारण आहे, ते लपवून काय उपयोग? आणि दुसरीकडे मोबाइलवर ती बघते तो वजिराचा खो-खो. मान, पैसा, भारताची जर्सी तिकडे. तिने काय शिकायचं? मागे न वळण्याचं बंधन अंगात मुरवायला चार-पाच वर्षं लागतात. वजीर व्हायचं तर ते बंधन विसरायला लागतं. क्रीडाशिक्षक एकच, मैदान एकच, संध्याकाळचा उजेड दीड तासाचा. दोन खेळ शिकवायचे कसे?

आयर्लंडच्या मुलासमोर हा पेच कधीच नव्हता. म्हणून आम्ही म्हणतो, तिकडची तडजोड फसली तरी परवडली. आपली तडजोड यशस्वी झाली तर जास्त विचार करावा लागेल.

टीकाकाराने दोष दाखवून घरी जाऊ नये, म्हणून तीन सूचना.

एक, नाव वेगळं ठेवा. आयरिश आणि ऑस्ट्रेलियन लोकांनी त्यांच्या मिश्र खेळाला वेगळं नाव दिलं, दोघांपैकी कुणाच्या नावावर तो विकला नाही. क्रिकेटने टी-२० म्हटलं, कसोटीचे विक्रम कसोटीत ठेवले. वजिराच्या खेळाला वेगवान खो-खो म्हणा, आणखी काही म्हणा, पण 'खो-खो' हे साधं नाव नऊ जणांच्या खेळाकडे राहू द्या. बाजारात रत्ना रत्ना म्हणून विका, हापूस म्हणून नको.

दोन, सतरा वर्षांखालच्या गटात वजीर आणू नका. मुळं आधी धरू द्या. ज्याला साखळी येते तो वजीर महिन्या-दोन महिन्यांत होईल. उलट होत नाही.

तीन, लीगच्या पैशातला ठराविक हिस्सा तालुक्याच्या मैदानांवर यायला हवा. उपकार म्हणून नव्हे. लीगमध्ये धावणारा प्रत्येक पाय कुठल्यातरी शाळेच्या मैदानात तयार झालाय. ज्या झाडाची काडी खुलते त्या झाडाच्या बुंध्याला पाणी घालणं हा हिशेब आहे. मॅट देता येत नसेल तर निदान चांगली माती द्या, प्रशिक्षकाला मानधन द्या, आणि मराठीत छापलेलं नियमपुस्तक द्या.

विश्वचषकाचं काय, असं कुणी विचारेल. तो व्हावा. प्रतीक आणि प्रियांका यांनी हातात चषक घेतला तेव्हा आम्हालाही भरून आलं. खो-खो खेळणाऱ्याला भारताची जर्सी आजवर फार क्वचित मिळाली. ती मिळण्याचं मोल आयरिश माणसाइतकंच आपल्यालाही कळतं. आमची मागणी एवढीच की ती जर्सी मिळवण्यासाठी नववीतल्या मुलीला आपला खेळ दारात सोडून आत जावं लागू नये.



(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न)

प्रश्न : सर, आमच्या गावच्या जाखडीतसुद्धा आता माइक आणि कीबोर्ड आलाय. शक्ती-तुऱ्याचा सामना मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट लावून होतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. मग खो-खोलाच एवढे नियम का?

उत्तर : फार चांगला प्रश्न. जाखडीत कीबोर्ड आला, पण सवाल-जवाब राहिला ना? समोरच्या शाहिराने घातलेल्या कोड्याला उत्तर द्यावंच लागतं. तेच त्या सामन्याचं बंधन आहे. उद्या कुणी म्हणालं, एका शाहिराला उत्तर न देता पुढचं गाणं म्हणायची मुभा, तर तुम्ही बसाल का ऐकत? (हशा) वजीर ही तशी मुभा आहे. दिवे, माइक, टीव्ही यांना आमचा विरोध नाही.

प्रश्न : (एक विद्यार्थिनी) मला वजीर व्हायला आवडेल. चुकीचं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. जरूर हो. पण एक कर. आधी एक वर्ष साखळी अशी पळ की समोरचा वजीर असला तरी तुला दोन मिनिटं सापडणार नाही. मग वजीर हो. तेव्हा तुला बरोबर ठाऊक असेल की संरक्षक कुठे निसटणार आहे, आणि तो ठाव दुसऱ्या कुठल्या वजिराकडे नसेल.